अर्धा घोडा

माझ्या नवऱ्याच्या, व्हर्लिनच्या, रेडिओला टाइपरायटरसारखं एक यंत्र जोडलेलं आहे. कॅन्ससहून त्याचा मित्र डॉयल भोकं पाडलेल्या कागदी फितीवरून अक्षरं पाठवतो, आमच्या नेब्रास्कात ते यंत्र खडखडत एकेक ओळ छापतं आणि जरा लांबून पाहिलं की त्या अक्षरांचं चित्र दिसतं. शनिवारी घोडा येत होता. कान आले, डोळे आले, मान आली आणि यंत्र मध्येच थांबलं. संध्याकाळी बातम्यांत कळलं, डॉयलच्या गावावरून टोर्नेडो गेला.

फोन लागेना. सोमवार उजाडला तरी अर्धा घोडा यंत्रातून लोंबतच होता.

"फाड बाबा तो कागद," मी म्हणाले. "बघवत नाही मला."

"फाडला तर पुढचा घोडा कुठे छापणार तो?"

मी कपाळावर हात मारला.

मंगळवारी मी पीठ मळत होते आणि यंत्र आपसूक खडखडायला लागलं. पिठाच्या हातांनीच धावले. मानेखाली पंख उमटले, पिसांची शेपटी आली, मग कोंबड्याचे दोन काटकुळे पाय. त्याखाली लिहून आलं, "घर गेलं, फितीसकट घोडाही गेला. मी आणि बायको तळघरात होतो, धडधाकट आहोत. हे यंत्र शेजाऱ्याचं, कोंबडाही त्याचाच. भागवून घे."

व्हर्लिन हसतोय की रडतोय, कळेना. डोळे पुसत त्याने कागदाला हात घातला.

"खबरदार फाडलास तर!" मी ओरडले. "थांब, कात्री आणते."