उणे तीनचा बिंदू

दिले आहे:
पुढच्या वर्षी बारावी सायन्सचं गणित कुणाला द्यायचं, हे प्राचार्य आज ठरवणार होते. बावीस वर्षं ते माझ्याकडे होतं. नव्या देवरे मॅडमचा तास बघायला प्राचार्य आणि मी अकरावीच्या शेवटच्या बाकावर बसलो होतो. वर्ग माझाच, एका तासापुरता त्यांना दिलेला. माझ्या तासाला ही पोरं कधी इतकी हसली नव्हती. मी चूक शोधत बसलो.

रीत:
"बिंदू उणे तीन, दोन. चढ चार," म्हणत मॅडमनी फळ्यावर रेषेचं समीकरण लिहिलं.

y − 2 = 4(x − 3)

सापडली. कंसात अधिक तीन हवं होतं.

"सगळं बरोबर आहे ना, सर?" इतिहासवाले प्राचार्य कुजबुजले. मी तोंड उघडणार, तोच अस्मा उभी राहिली. माझ्या तासाला वर्षभर मुकी बसणारी.

"मॅडम, बिंदूच उणे आहे. तिथं अधिक तीन होणार!"

"अगं हो की! चुकलेच मी. ये, खडू घे, तूच दुरुस्त कर."

वर्गाने टाळ्या वाजवल्या. प्राचार्यांनीही.

ताळा:
तास सुटल्यावर मी अस्माला जिन्यात गाठलं. "काय गं, माझ्या तासाला कधी बोलत नाहीस ती?"

ती पायरीकडे बघत हळूच म्हणाली, "सर, तुमचं चुकलं की आम्ही वहीतल्या वहीत दुरुस्त करून घेतो."