नांगर घेऊन आलेले शिपाई

“शिपाई नांगर घेऊन आला, की तो परत जात नसतो गं,” सासूबाई म्हणाल्या होत्या. मी हसण्यावारी नेलं. रोमची फौज ब्रिटन सोडून गेली, तेव्हा गावाच्या राखणीला सॅक्सन शिपाई आम्हीच समुद्रापलीकडून बोलावले होते, धान्याच्या बोलीवर. मागोमाग त्यांची बायकामुलं आली, नांगर आले. मला उलट बरं वाटलं. त्यांच्यातलीच एकजण माझ्या बाळाला न्हाऊमाखू घालायची.

यंदा पीक बुडालं. आम्ही त्यांचं धान्य थांबवलं आणि राखणदारांनीच वेस पेटवली. बाळाला घेऊन आम्ही दोघी धक्क्यावर पोचलो, तर सासूबाई माघारी वळल्या.

“तू नावेत बस. कोंबड्या मोकळ्या सोडून आलेच.”

“अहो आई, गाव पेटलंय, कोंबड्या कसल्या?”

“त्या मेल्यांना आयत्या मिळू देऊ?”

नाव थांबली नाही.

इथे समुद्राच्या या बाजूला, गॉलच्या किनाऱ्यावर येणारी प्रत्येक नाव मी बघते. बाळ झोपलं तरी मला बसवत नाही. तुम्ही व्यापारी, तुम्हाला तिकडे कुणी अडवत नाही म्हणे. आमचं घर विहिरीपाशी आहे. सासूबाईंना कमी ऐकू येतं. दारातून हाक मारून परतू नका, आत जाऊन बघा.