हसू बसवणारं प्लगइन

"आईचा चेहरा बघा, एरंडेल प्यायल्यासारखा! वाढदिवसाच्या बॅनरवर शोभेल का हा?" असं म्हणत साहेबांनी स्टुडिओवाल्या ताईचं डोकं खाल्लं आणि कुठल्याशा कंपनीचं, फोटोत हसू बसवणारं प्लगइन तिच्या कॉम्प्युटरवर टाकायला लावलं. त्यात तासभर गेला. आई कोपऱ्यातल्या स्टुलावर मुकाट बसून होती.

प्लगइनने नमुन्यासाठी आईचा एक हसरा फोटो मागितला. साहेबांनी अख्खा मोबाइल उपसला. स्वतःच्या सेल्फींचा ढीग निघाला, कुत्र्याची बत्तिशी निघाली. हसरी आई काही निघाली नाही.

"अहो, त्या इथेच बसल्यात की! जरा हसवा त्यांना, मी काढते फोटो," ताई म्हणाली.



"एवढा वेळ कुणाला आहे? दुसऱ्या कुणाच्या आईचं हसू असेल, तर तेच बसवून टाका."