टेबलावरचा डबा

ऐंशी अंश. पाणी त्याच्या वर गेलं, की हिरवा चहा कडू होतो.

वरच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी एकदा कुरिअरवाल्याला फोनवर असं झापलं होतं, की जिन्यातल्या मांजरीनेही जागा बदलली.

कामवाल्या मावशींना घरात पुठ्ठा खपत नाही. दिसला की भंगारात.

नवऱ्याच्या मफलरला आल्याचा वास येतो. आलं तर घरात तीन वर्षांत आलेलं नाही.

खिडकीशेजारच्या भिंतीवर खडूच्या दोन रेघा. मध्ये शिलाई मशीन.

"सव्वापाच फूट," सुतार टेप गुंडाळत म्हणाला. "पण काकू, हे मशीन इथून हललं तरच चहाच्या डब्यांचा रॅक बसेल."

"हलतंय," ती म्हणाली. "विकलंय. तीन वाजता माणूस येणार आहे न्यायला."

बोलताना तिचा हात मशीनच्या चाकावरच होता. पंचवीस वर्षं याच खिडकीतल्या उजेडात तिने लोकांच्या पँटी आखूड केल्या होत्या, चेनी बदलल्या होत्या, जाड्यांना बारीक दाखवलं होतं.

"अगं, आज पांढरा काढलाय!" नवऱ्याने स्वयंपाकघरातून हाक दिली.

नवरा शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक होता. पोरं त्याला 'थर्मामीटर' म्हणत. निवृत्त झाला, तेव्हा शाळेने शाल दिली आणि त्याने स्वतः मागून एक जुना थर्मामीटर घेतला. आता ओट्यावर तो थर्मामीटर, तोळामासा तोलणारा काटा, घड्याळ आणि डब्यांची रांग. हिरवा, काळा, फुलांचा, धुरावलेला. प्रत्येकावर चिठ्ठी: किती पानं, किती अंश, किती मिनिटं. दूध आणि साखर यांना हद्दपारी.

तो तीन कप घेऊन आला. सुताराने घोट घेतला आणि कपात डोकावून पाहिलं.

"काका, यात चहा घालायचा राहिलाय का?"

नवरा हसला. जरा जास्तच वेळ हसला. मग घसा साफ करून म्हणाला, "याची चव हळूहळू कळते. हिला विचार."

"फारच नाजूक आहे," ती म्हणाली. तिच्या मते पांढरा चहा म्हणजे चहाची नुसती बातमी ऐकलेलं गरम पाणी. धुरावलेल्याला विझलेल्या शेगडीचा वास. आणि फुलांचा प्यायला, की केसांना लावायचं तेल चुकून पोटात गेल्यासारखं वाटायचं.

"तुम्हाला आवडला ना?" तिने नवऱ्याला विचारलं.

"हे काय विचारणं झालं?" तो म्हणाला. "घे, अजून अर्धा कप घे."

तिने घेतला. तीन वर्षं घेतच होती. ओठांपर्यंत आलेलं प्रत्येक वेळी त्याच पाण्याबरोबर गिळत होती.

कारण या घरात भेटवस्तूबद्दल बोलायचं नाही, असा नियम होता. लग्नाच्या पहिल्या वाढदिवसाला नवऱ्याने शालीबरोबर शालीची किंमतही सांगितली होती आणि चार दिवस अबोला झाला होता. तेव्हापासून ज्याला आठवेल त्याने वस्तू गुपचूप टेबलावर ठेवायची. देणाऱ्याने सांगायचं नाही, घेणाऱ्याने विचारायचं नाही.

तीन वर्षांपूर्वी ती लग्नाचा वाढदिवस साफ विसरली. बाजारातून आली, तर टेबलावर डोंगरातल्या चहाचा देखणा डबा, आणि नवरा त्याच्याकडे टक लावून बसलेला. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "वा!" ती म्हणाली. "वा!" तोही म्हणाला. आणि उठून पाणी तापवायला ठेवलं. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच तो पायजम्याची नाडी नीट बांधून कामाला लागला होता. त्या 'वा'वर आता पाणी कोण ओतणार?

वर डॉक्टरीणबाईंकडे कपडे पोचवायला गेलं, की मात्र उकळलेला चहा मिळायचा. दूध घातलेला, तीन चमचे साखरेचा. "खाली सांगू नका हं," ती म्हणायची. "मीही माझ्या पेशंटांना सांगत नाही," बाई म्हणायच्या.

नवरा सुताराबरोबर लाकूड बघायला गेला. तीनला माणूस आला. मशीन जिन्यातून उतरताना दोनदा भिंतीला घासलं. फरशीवर चार पायांचे चार डाग उरले आणि फटीत एक टाचणी.

तिने टाचणी उचलून पदराला टोचली आणि वर गेली. डॉक्टरीणबाईंच्या दाराला कुलूप. खाली त्या चार डागांकडे बघत बसवेना. मग आयुष्यात पहिल्यांदा ती एकटी कोपऱ्यावरच्या टपरीकडे निघाली. आज संताप असा होता, की कुणी नुसतं 'चहा' म्हटलं असतं, तरी रडू फुटलं असतं.

टपरीच्या बाकावर पाठमोरा मफलर होता. शेजारी सुतार. दोघांच्या हातात काचेचे ग्लास.

"अजून एक, आलं जास्त टाक," नवरा टपरीवाल्याला म्हणाला.

"काका, घरी तर..."

"घरचं सोड रे. ते गवताचं पाणी माझ्या घशाखाली उतरत नाही. पण करतो काय? त्या वर्षी लग्नाचा वाढदिवस मी साफ विसरलो होतो. हिने मात्र चकार शब्द न काढता तो डबा आणून ठेवला. बाईने कधी स्वतःसाठी काही मागितलं नाही. चहाचा एवढा एक षोक, त्यासाठी बघ, आज मशीनसुद्धा विकलं. रॅक चांगला मोठा कर. पैशाकडे बघू नकोस."

ती मफलरच्या मागे उभी राहिली. टपरीवाल्याने तिच्याकडे पाहून एक बोट वर केलं. एकच ना?

तीन वर्षांपूर्वी त्या दिवशी सकाळी साडेदहाला कामवाल्या मावशींनी दारात पडलेलं खोकं फोडलं, आतला डबा टेबलावर ठेवला आणि पुठ्ठा भंगारात टाकला. पुठ्ठ्यावर वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाईंचं नाव होतं.