चारचा चहा

शकील सुताराची बायको मदीना वारल्याचं नाशिकच्या दवाखान्यातून कळलं, त्या दिवशी शेजारच्या बासितने गिटार बंद ठेवली. तेही शकीलला खुपलं. बासितने घरातच माइक आणि कॉम्प्युटर मांडून रेकॉर्डिंगची सोय केली होती. रोज पातळ भिंतीपलीकडे त्याची गिटार सुरू झाली, की इकडे मागच्या खोलीत मदीनाचं शिलाई मशीन थांबायचं. पुढच्या पडवीत काम करणाऱ्या शकीलला ते कळायचं. त्याच्या रंध्याच्या आवाजाला ते मशीन कधी थांबलं नव्हतं.

चाळिसावा झाल्यावर बासितने त्याला बोलावलं. "चाचा, माझ्या रेकॉर्डिंगमध्ये चाचीचा आवाज आलाय. खराब झालं म्हणून पुसणार होतो, पण हात धजला नाही."

शकीलने हेडफोन लावला. मशीन चालत होतं. गिटार सुरू झाली आणि मशीन थांबलं.

"तुझी गिटार काढ यातून."

"निघत नाही चाचा, दोन्ही एकाच माइकमधून आलंय. पुढे ऐका ना."

गिटार मध्येच जरा थांबली, तेव्हा मदीना स्वतःशीच म्हणाली, "हा वाजवायला लागला म्हणजे चार झाले. ह्यांचा चहा टाकायला हवा. घड्याळाला सेल काही हे आणायचे नाहीत." मग स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज आला.

शकीलने हेडफोन काढून ठेवला.

मागच्या खोलीतलं घड्याळ बंदच आहे. सेल अजून आणायचा राहिला आहे.