दांडीची बोट
ग्रेट स्लेव्ह सरोवराच्या काठाचं पाणी गोठू लागलं होतं. बोटींच्या दुकानामागे सेलीन दांडीने वळवायच्या ॲल्युमिनियमच्या बोटीपाशी थांबली. सासरा मोदेस्त भडकला. "स्टिअरिंगच्या चाकाची घे, पोरी! असल्याच बोटीतून माझा पोरगा पडला. रिकामी बोट गरगर फिरत खडकावर फुटली." "जाळी ओढायला जागा हिच्यातच मिळते, बाबा. त्याची जाळी अजून पाण्यात आहेत." "आणि तोही." सेलीनने इंजिनाला लटकणारी दोरी मनगटाला बांधली. "त्यानं ही बांधली असती, तर पडताक्षणी दोरीच्या हिसक्यानं इंजिन बंद पडलं असतं, बोट जवळच थांबली असती." "पाणी मात्र गारच असतं," म्हातारा पुटपुटला. दुपारी बोट पाण्यात उतरली. वारा उठला होता. बाकीचे कोळी परतत होते. "तुम्ही घरी जा, बाबा." मोदेस्त आत चढला, सरोवराकडे पाठ करून बसला. "तू लाटा बघ. मी तुला बघतो."