डाव्या गुडघ्यावरची नीकॅप
यांचा उजवा गुडघा बिघडतोय, हे आधी माझ्याच ध्यानात आलं. ओट्याची पायरी उतरताना तो कट्कन वाजायचा, आणि सकाळी अंथरुणातून उठताना हे भिंतीला हात लावायचे. "डॉक्टरला दाखवा," म्हटलं तर म्हणायचे, "कबड्डीच्या संघात कळलं तर बाहेर बसवतील मला. कुणाला बोलायचं नाय." वर्षभर मी गप्प राहिले. मग गुडघा सुजायला लागला, तेव्हा माहेरी जाऊन एकट्या दादाला सांगितलं. तो माहेरच्या संघातून यांच्याविरुद्ध खेळायचा, पण यांना समजावेल तर तोच, असं वाटलं. "मुरबाडला डॉक्टरकडे मी नेतो गो," म्हणाला. आठवड्याने धसईच्या मैदानावर फायनल लागली, ती नेमकी आमच्या दोन गावांत. यांनी नीकॅप मुद्दाम धडधाकट डाव्या गुडघ्यावर चढवली, म्हणजे समोरचे तिथेच झोंबतील आणि उजवा वाचेल. यांच्या पहिल्याच चढाईत दादा कोपऱ्यातून सुटला. नीकॅपकडे त्याने बघितलंसुद्धा नाही. उजवा गुडघाच कवेत धरला आणि पिळला. यांना चौघांनी उचलून माझ्यापुढे आणून ठेवलं. सामना जिंकून, गुलाल लागलेल्या तोंडाने दादा आला. "जीप सांगितलीय गो. डॉक्टरकडे नेतो म्हटलं होतं ना तुला?" यांनी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. डाव्या गुडघ्यावरची नीकॅप ओढून काढली आणि माझ्या ओटीत टाकली.